राहणार कुठला?

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर ही चिठ्ठी लावतो आहे, कारण आज दुपारपासून जिवाला चैन नाही.

ठाण्याच्या कचेरीत तीस वर्षं मी लोकांचे अर्ज लिहिले. नाव, वय, ‘राहणार’... हात कधी अडला नाही. आज स्वतःचा पेन्शनचा अर्ज लिहायला बसलो आणि ‘राहणार’पाशी टाक थांबला.

शेजारचे कारकून भाऊराव डोकावून म्हणाले, “काय हो, राहणार?”

“तेच तर ठरत नाही,” मी म्हणालो.

कोकणातल्या घरात आता चुलतभाऊ नांदतात. मुलगा कल्याणला तारमास्तर आहे. तो बोलावतो, पण एका खोलीत सहा माणसं. इथलं बिऱ्हाड भाड्याचं.

घरी येऊन बायकोला विचारलं. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, “तुम्ही न्याल तिथे येईन. पण आपली यमू इथे खाडीकाठी पुरली आहे. तिला काय सांगून निघायचं?”

यमू दीड वर्षाची होती. पंचवीस वर्षांत हिने तिचं नाव घेतलं नव्हतं.

अर्ज उद्या द्यायचा आहे. ‘राहणार’पुढची जागा अजून कोरीच आहे. मंडळी, तुम्ही काय लिहिलं असतं?