दंडावरचा पट्टा

रोज सकाळी सात वाजता मी दंडाला पट्टा बांधून खुर्चीत बसतो. मुलाने पाठवलेलं हे मशीन रक्तवाहिन्या किती ताठर झाल्यात ते मोजतं आणि त्यावरून शरीराचं वय सांगतं. मी एकसष्टचा, मशीनच्या मते छप्पन्नचा. बागेत फिरायला येणाऱ्या सगळ्यांना हे सांगून झालं आहे.

मोजताना आवाज झालेला मला खपत नाही. म्हणून आमच्याकडे काम करणाऱ्या कमलताई केर काढायच्या थांबतात आणि झाडू धरून भिंतीशी उभ्या राहतात.

परवा आकडा बघून मी खूश झालो, तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, माझं पण बघता का एकदा?"

माझी नजर त्यांच्या घामाने ओल्या बाहीवर गेली. हा पट्टा मी रोज माझ्या दंडाला लावतो. मी पटकन म्हणालो, "ते उपाशीपोटी करावं लागतं हो."

"मी उपाशीच येते की रोज," त्या सहज म्हणाल्या. "चार घरं झाली की खाते."

स्वयंपाकघराच्या खिडकीत त्यांचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असतो. इतक्या वर्षांत तो मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसला.

"बसा ना," मी म्हणालो. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"राहू द्या, भांडी पडलीयेत," म्हणत त्या आत गेल्या. त्यांना कळलं होतं.

आज सकाळी मी पुन्हा पट्टा बांधला. कमलताईंनी झाडू थांबवला आणि माझा आकडा चुकू नये म्हणून त्या श्वास रोखून उभ्या राहिल्या.