आईची परडी आणि हमिंगबर्ड

फ्रेंड्स, आज सकाळचीच गोष्ट. आमच्या अल्फारेटातल्या घराच्या बॅकयार्डात जास्वंदीतला मध प्यायला इवलेसे हमिंगबर्ड येतात. मी रोज कॅमेरा घेऊन डेकवर बसते, पण यंदा एकही धड फोटो मिळाला नाही.

आज कारण कळलं. नागपूरहून आलेली आई मी उठायच्या आत सगळी लाल जास्वंद पूजेसाठी तोडते.

"अगं, ती पक्ष्यांसाठी लावलीय," मी जरा चिडूनच म्हटलं.

"मग देवाला काय वाहू?"

तेवढ्यात एक हमिंगबर्ड आला. रिकाम्या झाडाभोवती फिरला आणि थेट आईच्या हातातल्या परडीवर हवेत थांबला. एकेका फुलात चोच घालू लागला. आई हलली नाही. कॅमेरा माझ्या गळ्यातच राहिला.

लहानपणी मी पूजेचं फूल नुसतं हुंगलं तरी आई ते टाकून दुसरं आणायला लावायची. म्हणून विचारलं, "ही आता उष्टी झाली ना?"

तिने परडीकडे पाहिलं. "चालतील. उद्यापासून आधी त्याचं होऊ दे, मग मी तोडते."

आम्हाला ही सूट कधीच नव्हती. तुमच्या आईचा कुठला नियम असा सैल झालाय? आणि कोणासाठी?