झिजलेला ‘स’

दुधाला ऊत येऊ नये म्हणून काकू गॅससमोर उभ्या होत्या आणि काका मागच्या शेडमध्ये वायरींच्या जंजाळात डोकं घालून बसले होते. रोजच्यासारखी सकाळ. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल होती, चालूही होती; तरी थाप पडली, तीही उघड्या तळव्याची.

दारात जनावरांची डॉक्टरीण उभी होती. काखेत हेल्मेट, चेहरा पांढराफटक. आठवड्यापूर्वीच काकांनी तिच्या लांब पल्ल्याच्या मोटरसायकलला नवे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर बसवून दिले होते.

“काकू, काका आहेत ना? काल मी मेले असते.”

“अगं, सकाळी सकाळी काय बोलतेस!” काकूंच्या हातातली सांडशी तशीच राहिली. दूध बिनदिक्कत उतू गेलं.

डॉक्टरीण धाडकन खुर्चीत बसली. “डोंगरावरून परत येत होते. गाणी चालू. कानात शिट्टी वाजतेय असं वाटत होतं, म्हणून बंद केली. तरी शिट्टी काही थांबेना. मागून ट्रक हॉर्न मारतोय, मला पत्ता नाही! कोपराला वारा लागला तेव्हा कळलं. गाडी खडीत घातली म्हणून वाचले. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, ‘बाई, बहिऱ्या आहात का?’ आणि काकू, गंमत वाटेल, संध्याकाळी गाईच्या छातीला नळी लावली, तर ठोक्यांच्या ऐवजी नुसती शिट्टी!”

गंमत कुणालाच वाटली नाही.

काकांना गावात सगळे ‘भोंगेकाका’ म्हणत. त्यांना ते मुळीच खपत नसे. “भोंगा ओरडतो. माझे स्पीकर बोलतात,” असं ते सुनावायचे, आणि ते खरंही होतं. कंपनीने दिलेले स्पीकर गल्लीत गोड वाटतात. गाडी हमरस्त्याला लागली की वारा त्यांना गिळून टाकतो. काका ते काढून पुढच्या काचेखाली मोठे बसवत, मागच्या पेट्यांच्या झाकणांत आणखी दोन. सीटखाली ॲम्प्लिफायर ठेवायचा तो रबराच्या गादीवर, तान्ह्या बाळासारखा. आवाज मोजायचं मीटर नावाची वस्तू मात्र त्यांनी शेडमध्ये शिरू दिली नाही. “माझे कान काय भाड्याने आणलेत?”

गाडी तयार झाली की ते हेल्मेट घालून सीटवर बसत, डोळे मिटत आणि एकच रेकॉर्डिंग लावत. काकूंचं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, हसू दाबत, एका दमात म्हटलेलं: “सशाच्या शेपटीशी सासूबाईंची शिसपेन्सिल!” वाऱ्यात सगळ्यात आधी हरवतात ते ‘स’ आणि ‘श’, ते सापडले की गाडीचा आवाज बरोबर लागला, हा काकांचा हिशेब. गिऱ्हाईकं काकूंना चिडवत, “सासूबाईंना पेन्सिल मिळाली का हो?” काकू म्हणत, “मिळाली, पण टोक मोडलेलं.”

हल्ली मात्र काकांची कुरकुर चालली होती. “तुझा स झिजलाय गं. रेकॉर्डिंग जुनं झालं.” काकू हसून म्हणायच्या, “मी तरी कुठे नवी राहिलेय?”

गाडी शेडपुढे आली. काकांनी सगळं ऐकून घेतलं, ट्रकचं ऐकताना त्यांचाही चेहरा उतरला. “वायर सैल झाली असणार,” म्हणत त्यांनी सीट उचलली, सगळे जोड चाचपले. सगळं घट्ट. मग हेल्मेट चढवलं, डोळे मिटले आणि रेकॉर्डिंग लावलं.

काकूंना वाटलं, कुणीतरी पत्र्यावर सुरी ओढली. त्यांनी दोन्ही कान दाबले. डॉक्टरीण मागे सरकली. कुंपणावरचं मांजर उडी मारून पसार झालं. आपलाच आवाज, तरुणपणीचा, लाडाचा, आणि त्यातला एकेक स नुसता टोचत होता.

काका मात्र शांत. मान किंचित कलती करून म्हणाले, “अजून कमीच आहे जरा.” आणि त्यांचा हात ट्रेबलच्या, म्हणजे आवाजाची धार वाढवणाऱ्या बटणाकडे गेला.

“अहो! हात काढा!”

इतक्या वर्षांत त्यांनी या माणसाच्या कानावर कधी संशय घेतला नव्हता. गच्चीवरच्या नळाची गळती खालच्या खोलीतून ओळखणारा माणूस! त्यांनी गाडी बंद करायला लावली, काकांचं हेल्मेट उतरवलं आणि ओठ दिसू नयेत म्हणून तोंडावर पदर धरला.

“मी काय म्हणते ते सांगा. सात.”

“हात. का, हाताला काय झालं?”

“सार.”

“हार! अगं, हे काय पोरखेळ—” काकांनी डॉक्टरणीकडे पाहिलं. तिने नजर खाली वळवली होती. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंच्या तोंडावरचा पदर अजून तसाच होता आणि डोळे भरून आले होते.

काका सीटवरून उतरलेच नाहीत. त्यांनी दोन्ही तळवे टाकीवर टेकले.

“म्हणजे रेकॉर्डिंग नाही झिजलं,” ते म्हणाले.

त्यांनी ट्रेबलच्या बटणाकडे पाहिलं.

“मला ऐकू येईना, म्हणून मी वाढवत गेलो. आणि तो सगळा चिरका आवाज लोकांच्या कानात ओतला.” ते एकदम ताठ झाले. “अगं, या उन्हाळ्यात स्पीकर लावून दिलेल्या सगळ्या गाड्या रस्त्यावर आहेत!”

“बोलावून घेऊ एकेकाला,” काकू म्हणाल्या. “आधी हिची करा.”

काकांनी बटणाला हात लावला. काकू समोर उभ्या राहून सांगू लागल्या, “मागे. अजून मागे. अहो, अजून! हां... बस.” काकांच्या कानाला त्यातलं काहीच वेगळं लागत नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. डॉक्टरीण सीटवर बसली, तिने हेल्मेट घालून ऐकलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले. “आता काकू बोलताहेत,” ती म्हणाली. मग घुटमळली. “काका, कान दाखवून घ्या. मी जनावरांची डॉक्टर, माझं नका ऐकू, पण दाखवा.”

“दाखवतो.”

ती गेल्यावर काका शेडमध्ये परतले नाहीत. पायरीवर काकूंच्या शेजारी बसले. काकूंना वाटलं, आता म्हणतील दुकान बंद करतो. त्या कसल्या उत्तराची जुळवाजुळव करत होत्या, त्यांनाच कळत नव्हतं.

“एक मागू?” काका म्हणाले.

“मागा ना.”

“गाडीचे स्पीकर लावून झाले की ऐकायला सीटवर तू बस. माझं चुकलं असेल तर गिऱ्हाईकासमोरच सांग.”