जान्नीअप्पाची पुण्यतिथी

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि ती माझ्या खिशातल्या सुपारीचा वास दारातूनच ओळखते, म्हणजे बघा किती खोल पुरून ठेवलं असेल. तुम्हाला मात्र सांगणार आहे. का? तुमचं-माझं काही नातं नाही, म्हणून असेल. गोष्ट तशी हसण्यासारखी आहे. हसू आलं तर हसा — मीही सांगताना हसणारच आहे. फक्त मधेच उठून जाऊ नका.

बिदरला नौबादमध्ये माझं छोटं दुकान आहे. आता तिथं मोबाइलची कव्हरं आणि चार्जर मिळतात. पूर्वी कॅसेटी मिळायच्या. भीमगीतं, लिंगायत शरणांची वचनं, कव्वाल्या, लग्नातली गाणी — आणि एका कोपऱ्यात इंग्रजी. त्या कोपऱ्याचं गिऱ्हाईक म्हणजे इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलातली पोरं आणि विमान चालवायला शिकण्यासाठी देशभरातून आलेले जवान. त्यांच्या नादानं मलाही त्या ढणढण गिटारीचं वेड लागलं. शब्द एक कळायचा नाही. पण ड्रम सुरू झाला की पाय आपोआप हलायचा. त्याला कुठं भाषा लागते?

एका जवानाची बदली झाली, तेव्हा जाताना तो इंग्रजी मासिकांचा गठ्ठा माझ्याकडं टाकून गेला. त्यात पानोपानी तारखा! अमका बँड कधी सुरू झाला, तमक्याची पहिली तबकडी कधी आली, कोण कुणाशी भांडून कधी वेगळा झाला. आता मी वाढलो बौद्ध घरात. आमच्याकडं तारखेला फार मान. जयंती म्हणजे काय, दीक्षेचा दिवस म्हणजे काय, हे मला मुळाक्षरांच्या आधी कळलं होतं. म्हटलं, या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनीच काय घोडं मारलंय? त्यांच्याही जयंत्या होऊ द्या की. दुकानाबाहेर एक फळा टांगला आणि रोज सकाळी खडूनं लिहायला लागलो — आज अमक्या बँडच्या पहिल्या गाण्याला तीस वर्षं झाली, आज तमक्या गिटारवाल्याचा जन्मदिवस. जन्मदिवस मोठ्या माणसाचा असला तर गिऱ्हाइकाला पेढा.

लोक आधी हसले. मग थांबून वाचायला लागले. मग तर एखाद्या दिवशी फळा लिहायला उशीर झाला की समोरचा चहावाला ओरडायचा, 'अण्णा, आज कुणीच जन्मलं न्हाई व्हय?' माझं नावच तारीखअण्णा पडलं. आणि घोळ झाला तो इथंच. ज्याला गाव तारीखअण्णा म्हणतं, त्याला 'माहीत नाही' असं म्हणता येतं का? येतं, खरं तर. पण मला आलं नाही.

चिंताकीचा मल्लण्णा तेव्हा माझ्याकडं यायचा. मेंढ्या राखणाऱ्यांचं घर. वडिलांनी मेंढ्या कमी करून शेती धरली, पण ढोल काही सोडला नाही, आणि मल्लण्णानं तर बिरोबाच्या जत्रेत ढोलावर काठी टाकली की आमच्यासारखे न नाचणारेही नाचायचे. त्याला ऑर्केस्ट्रात ड्रमसेट वाजवायचा होता. एका मालकाकडं विचारायला गेला, तर तो मालक म्हणाला, ढोल बडवणं वेगळं आणि ड्रम वाजवणं वेगळं, मेंढरामागं फिरणाऱ्यांचं हे काम नव्हे. तिथून मल्लण्णा सरळ माझ्या दुकानात आला. तोंड एवढंसं झालेलं.

'अण्णा, तू एवढ्या गोऱ्यांच्या तारखा लिवतूस,' तो म्हणाला. 'त्यात एक तरी मेंढरं राखलेला हाय का?'

असेलही एखादा. मला कुठं ठाऊक? पण मल्लण्णा माझ्याकडं बघत होता, चहावाला कान देऊन होता, आणि त्या दिवशीचा फळाही कोरा होता, कारण मासिकांत त्या तारखेचं काही सापडलं नव्हतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

'हाय की,' मी म्हणालो. 'जॉनी लॅम्बरूक. ड्रमवालाच. लहानपणी डोंगरात मेंढरं राखायचा. आज त्याचीच पुण्यतिथी.'

आणि फळ्यावर लिहूनही टाकलं. अक्षर काय सुरेख आलं होतं त्या दिवशी!

मल्लण्णाच्या तोंडावर जे उजाडलं ते मी अजून विसरलो नाही. त्यानं फोटो मागितला. आता फोटो कुठून आणू? शोधून देतो म्हणालो आणि घरी जाऊन मासिकं उलथीपालथी केली. एका पानावर लोकरीच्या स्वेटरची जाहिरात सापडली — दाढीवाला, देखणा, कडेवर पांढरंशुभ्र कोकरू. खाली स्वेटरवाल्यांचं नाव छापलेलं. ती अक्षरं मी कात्रीनं कापली. हे मुद्दाम सांगतोय. जीभ एकवेळ घसरते, कात्री घसरत नाही.

पुढं जे झालं ते तुम्हाला खरं वाटणार नाही. मल्लण्णानं तो फोटो फ्रेम करून घेतला. भिंतीवर बिरोबा, त्याच्या शेजारी जॉनी. पोरगा वेड्यासारखा वाजवायला लागला, त्याच मालकाकडं परत गेला आणि या खेपेला आत शिरलाच. औरादपासून हुमनाबादपर्यंत लग्नकार्यात आज त्याच्या ड्रमला तोड नाही. वर्षभरानं दुकानात येऊन म्हणाला, 'अण्णा, उद्याचं ध्यानात हाय न्हवं?' मी विचारलं, काय? तर म्हणे जान्नीअप्पाची पुण्यतिथी! जॉनीचा जान्नी झाला होता, आणि मान द्यायचा म्हणून अप्पाही लागला होता.

तेव्हापासून हुरड्याच्या दिवसांत दरवर्षी चिंताकीत जान्नीअप्पाची पुण्यतिथी होते. स्वेटरवाल्याला झेंडूचा हार. पोरांना हुग्गी, म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, नि वर भात-सार. दुपारी ढोल आणि ड्रमची जुगलबंदी. एका म्हातारीनं तर हरवलेली शेळी सापडू दे म्हणून नवस बोलला. शेळी सापडली! आता यावर माणसानं काय बोलावं?

आणि प्रमुख पाहुणा कोण? मीच. माईक हातात घेऊन जान्नीअप्पाचं चरित्र मीच सांगतो. तेच तेच सांगून कंटाळा यायला लागला, मग दरवर्षी थोडी भर घातली. एका वर्षी त्याची आई वारली. एका वर्षी त्यानं पत्र्याचा डबा वाजवून लांडगा पळवला. लांडग्याला टाळ्या फार पडल्या, म्हणून तो पुढच्या वर्षीही आणला. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात ना? माझ्या कपाळी दरवर्षी गुलाल लागत होता.

एवढंच असतं तर मी तुम्हाला इथं बसवून घेतलं नसतं. ही सगळी गंमत मी केव्हाच कुणालाही सांगून मोकळा झालो असतो. पण — आता जरा थांबतो. इथून पुढं मलाच नीट हसता येत नाही.

मल्लण्णाला एक मुलगी, भाग्यश्री. बापाच्या मांडीवर बसून ड्रमच्या काड्या धरायला शिकली. शाळेत असताना बापाबरोबर बिदरला आली की पहिल्यांदा माझ्या दुकानात. स्टूल ओढून बसायची आणि माझी परीक्षा घ्यायची — काका, अमक्या बँडचं पहिलं गाणं कधीचं? काका, फळ्यावरचं साल चुकलंय, मी बघितलंय. मला इतकी आवडायची ती पोरगी! मला मूलबाळ नाही. त्या स्टुलावर दुसरं कुणी बसलं की मला राग यायचा. पुढं ती कलबुर्गीला कॉलेजात गेली, तिथं पोरींचा बँड केला. आणि कॉलेजात गेल्यावर तिनं जे करायचं तेच केलं. जान्नीअप्पाला नेटवर शोधलं, नावानं आणि फोटोवरूनही.

चार वर्षांपूर्वीची पुण्यतिथी. हार घालून झाला होता, हुग्गी पानात पडत होती. भाग्यश्री हातात मोबाइल घेऊन बापाजवळ गेली. भांडायला नाही हो — उलट तिला हसू आवरत नव्हतं, घरातली एखादी मजा सापडावी तसं. म्हणाली, 'अप्पा, ह्यो बगा. ह्यो ड्रमवाला न्हाई, ह्यो तर स्वेटरवाला हाय. आन् लॅम्बरूक नावाचा कुणीच न्हाई. मी समदीकडं बघितलं.'

मल्लण्णानं मोबाइल हातात घेतला, बघितला आणि माझ्याकडं वळला. 'अण्णा, ही काय म्हणायली?'

शंभरेक माणसं जेवायची थांबून माझ्याकडं बघायला लागली. भाग्यश्रीही माझ्याकडं बघत होती — हसतच. तिला वाटलं असणार, काका आता खो खो हसतील आणि म्हणतील, पकडलंस गं पोरी. एवढंच तर म्हणायचं होतं. किती सोपं होतं!

मी म्हणालो, 'पोरी, नेटवर सगळंच असतंय व्हय? जुन्या माणसांचं तिथं काय सापडायलंय? आन् नाव झाल्यावर लोक जाहिराती करतेतच की. जान्नीअप्पानं बी केली आसंल.'

लोक हसले. माझ्या बाजूनं हसले. तिच्या तोंडावरचं हसू मात्र गेलं, आणि मला त्याच क्षणी कळलं की तिला कळलंय. नुसतं जान्नीअप्पाचं नव्हे. माझं.

मल्लण्णा मात्र भडकला. 'कामून असं करायलीस? चार बुकं शिकलीस मनून मोठ्या माणसाला खोटं पाडायलीस? माफी माग अण्णाची. आन् जान्नीअप्पाची बी माग.'

आणि तिनं मागितली. माझ्यासमोर हात जोडले. मग त्या फोटोसमोर जोडले — कापलेल्या जाहिरातीसमोर. आमचे वडील मला लहानपणापासून सांगायचे, कुणी मोठ्यानं सांगितलं म्हणून मानू नको. स्वतः तपास आणि मग मान. त्या पोरीनं नेमकं तेच केलं होतं. आणि मी, त्या वडिलांचा मुलगा, पाटावर बसून होतो आणि हुग्गी खात होतो. दुसऱ्यांदा वाढून घेतली, कारण नको म्हटलं असतं तर लोकांनी तोंडाकडं बघितलं असतं.

दुपारी ती वाजवायला बसली. काय वाजवलंय तिनं त्या दिवशी! मी आयुष्यभर ड्रम ऐकत आलो, असा ऐकला नाही. राग होता, रडू होतं, सगळं होतं त्यात. झाल्यावर एक म्हातारा पुढं येऊन म्हणाला, 'पोरीनं माफी मागितली, जान्नीअप्पानं हात धरला बगा.' सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. म्हणजे तिचा खरेपणा तर मी खाल्लाच होता, तिचं वाजवणंही त्या स्वेटरवाल्याच्या नावावर लिहून दिलं.

त्यानंतर ती माझ्या दुकानात आलेली नाही. सुट्टीला येते तेव्हा नौबादला बस बदलते, समोरच्या बाजूनं जाते. फळा दिसतो तिला तिथून. चुकलेलं सालही दिसत असेल. स्टूल मी आत नेऊन ठेवलं. फार लागतं हे मला — पण लागायचा हक्क तिचा आहे, माझा नव्हे. पुण्यतिथीला मात्र ती दरवर्षी येते, बापाच्या शब्दाखातर हार घालते, वाजवते. मीही दरवर्षी जातो, माईक घेतो. लांडगा अजून आहे.

आता तुम्ही म्हणाल, मल्लण्णासाठी केलं असेल. बिचाऱ्याची वीस वर्षांची श्रद्धा, ती चारचौघांत कशी मोडायची? मीही स्वतःला बरेच दिवस हेच सांगितलं. छान वाटतं ते ऐकायला.

पण मल्लण्णा कसा आहे सांगू? एकदा हुमनाबादला तो भलत्याच लग्नात जाऊन वाजवून आला. दोन तास वाजवलं, जेवला, नवरदेवाला आहेर केला, आणि मग कळलं की आपलं लग्न पलीकडच्या मंडपात आहे. ही गोष्ट त्याच्या कुणी विरोधकानं मला सांगितलेली नाही. तो स्वतः सांगतो — स्टेजवर, माईकवर, प्रत्येक कार्यक्रमात, आणि सगळ्यात मोठ्यानं तोच हसतो. जान्नीअप्पाचं खरं कळलं असतं तर तो पोट धरून खाली बसला असता, पोरीला जवळ ओढलं असतं, आणि पुढच्या वर्षी त्याच स्वेटरवाल्याला दुप्पट मोठा हार घातला असता. ड्रम त्याला येतच होता. तो कुणी काढून घेणार नव्हतं. लहान दिसलो असतो तो फक्त मी. तेही घटकाभर, हुग्गी संपेपर्यंत.

मल्लण्णा हसला असता. हे मला त्या दिवशी, तिनं हात जोडले तेव्हाही, माहीत होतं.