गुणसूत्रं जुळवणाऱ्या बाई

निघताना आई म्हणालीच, "जन्मभर शिकलीस, डॉक्टर झालीस, आणि आता गावोगाव थुंकी गोळा करत फिरणार!" खरंच होतं ते. आधी बेडकांची जनुकं, मग ज्वारीची, आता माणसांची, अशी माझी बढती. माणसामाणसांत जनुकांचा फरक कुठे नि किती हे शोधायचं, तर थुंकी लागतेच.

पुण्याहून नगर गाठलं. भिंगार मागे पडलं तशी एसटी तापत गेली. जामखेडच्या पुढे खर्ड्याचा किल्ला दिसला आणि तिथून टेम्पोने वस्तीवर (रानातली चार घरं) पोचले.

पडवीत ही गर्दी! एरवी माझी थुंकीची नळी बघून लोक पळतात. मी हरखले. घरमालक दत्तोबांनी चहा दिला नि म्हणाले, "बाई, आदी आमच्या उज्वलाचं बगा."

"काय बघू?"

"गुन! ग्रामसेवक बोललं, गुनसूत्रवाल्या बाई येत्यात. सूत्रानं गुन जुळवत्यात म्हनं."

मी कपाळाला हात लावला. गुणसूत्र म्हणजे शरीरातल्या पेशीतला धागा, हे समजावता समजावता चहा निवून गेला. दत्तोबा ढिम्म. त्यांच्या लेकीला, उज्वलाला, शेवगावचा सागर पसंत होता, पण पत्रिकेत अकराच गुण जुळत होते. शेवटचा उपाय म्हणून सागरलाही बोलावलं होतं. बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यात घाम पुसत होता.

हात धुवायला आत गेले तर उज्वलाने मनगटच धरलं. "बाई, नापास नका करू. मी दुसऱ्या कुनाशी करायची न्हाई."

बाहेर येऊन सांगितलं, थुंकी देईपर्यंत कुणी काही खायचं नाही, मीही तुमच्यानंतरच जेवेन. दत्तोबांच्या बायकोने भाकरीची परात आदळली. "पाहुनी दारात अन् उपाशी? लोक थुकतील आमच्यावर!"

"तेच तर हवंय," मी म्हटलं. "फक्त नळीत."

सगळे माना फिरवून, लाजत थुंकले. पाहुणीच्या तोंडासमोर थुंकायचं म्हणजे काय! शेवटी नळी हातात घेतलेले शेजारचे किसनराव तेवढे राहिले. त्यांची वाट न बघता मला भाकरी नि खर्डा (मिरचीचा ठेचा) वाढला. खर्ड्यात खर्डा खाऊन डोळ्यांतून धारा लागल्या, तोच दत्तोबांनी विचारलं, "मग? किती जुळले?"

"दत्तोबा, लग्न ह्यावर ठरवायचं नसतं. आणि कुठल्याही दोन माणसांचं जवळजवळ सगळंच जुळतं. फरक एवढासा."

"म्हंजी छत्तीसला छत्तीस?"

"जरासे कमी."

त्यांनी किसनरावांकडे बोट केलं. "अन् माजं नि ह्या बांध कोरनाऱ्याचं?"

"तितकंच."

किसनरावांची नळी ओठाशीच राहिली. दत्तोबांनी बांधावरच्या ह्या जुन्या वैऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"च्यायला! ह्याच्यासंगं जुळतंय, तर त्या पोरानं काय घोडं मारलंय? उज्वले, साखर आन!"

परतताना मांडीवर नळ्यांचा डबा होता आणि उज्वलाने बांधून दिलेल्या भाकऱ्या. फरक शोधायला गेले होते, आणि सारखेपणावर एक लग्न ठरवून आले. अहवालात हे कुठल्या रकान्यात लिहायचं, काही सुचेना.

घरी आईला सगळं सांगितलं. ती उठली ती थेट शेजारच्या काकूंकडे. भिंतीपलीकडून ऐकू आलं, "आमची मुलगी ना, लग्नं जमवते!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझं काम कुणाला अभिमानाने सांगत होती. मी दुरुस्त करायला गेले नाही.