कोपऱ्यात जागा सोडणारी ताई

"शोभा गेली व..." अकोल्याहून भाऊजींचा फोन आला, तेव्हा मी अमरावतीला स्वयंपाकघरात पीठ चाळत होते. ताई झोपेतच गेली. आता महिना होत आला. पण मोठी बहीण आठवायला बसलं की रडू यायच्या आधी हसूच येतं, त्याला मी काय करू? शांत बसलेली ताई मला आठवतच नाही. सरकारी दवाखान्यात ती नर्स होती. पेशंटला गोष्ट सांगता सांगता अशी रंगायची, की इंजेक्शन हातात तसंच राहायचं!

निवृत्तीनंतर तिनं हौसेनं घर बांधलं. पहिल्याच मे महिन्यात भाऊजी आंघोळ करत होते आणि भिंतीवरच्या टाइल्स फाडकन उडाल्या. भाऊजी टॉवेल गुंडाळून अंगणात! पोटरीतून रक्त... शेजारचे सिलेंडर फुटला म्हणून धावत आले. ताईनं पट्टी बांधली, पण भाऊजी अंगणातल्या नळाखालीच आंघोळ करू लागले. बाथरूममध्ये पाऊल टाकेनात.

मग ताई इरेला पेटली. टाइल्सची दुकानं पालथी घातली, भेटेल त्याला विचारलं आणि एका दुपारी मला फोन केला. "अवं, कोपरा सिमेंटनं गच्च भरला होता, म्हणून फुटलं! उन्हानं टाइल फुगते, भिंत फुगते, अन् कोपऱ्यात सरकाले जागाच नाही! मंग एकमेकीले ढकलून राहिल्या बिचाऱ्या!" एवढा आनंद तिला माझ्या लग्नातही झाला नसेल.

गजूभाऊ मिस्त्री काही ऐकेनात. "ताई, कोपऱ्यात फट ठेवली, तं लोक मनतीन गजूले काम येत नाही."

"लोकाइले माह्याकडं पाठव!"

दारात स्टूल टाकून ती बसली. टाइल्स नव्यानं लागल्या, पण भिंती जिथं मिळतात तिथं आणि खाली जमिनीजवळही बारीक फट राहिली. त्या फटीत सिमेंट नाही, रबरासारखं दबणारं सिलिकॉन. तेही तिनं स्वतः भरलं. "इंजेक्शनचा हात हाये माहा!"

पुढचा मे आला. मी मुद्दाम अकोल्याला गेले होते. ऊन नुसतं भाजत होतं. गजूभाऊही सारखे डोकावून जायचे. एका दुपारी ते आलेले असतानाच आवाज झाला... फाड्! आम्ही सगळे बाथरूमकडे पळालो. एकही टाइल हललेली नव्हती. आवाज शेजारच्या काकूंच्या घरातून आला होता! ताई अनवाणीच तिकडे धावली. "काकू, तुमाले लागलं तं नाही न? बरं, कोपरा दाखवा!" गजूभाऊ तिथंच खाली बसून हसले. त्या संध्याकाळी भाऊजींनी आत जाऊन आंघोळ केली, आणि आम्ही बाहेर टाळ्या वाजवल्या.

गेल्या रविवारी अकोल्याला गेले. ताईचा मोबाइल टेबलावर चार्जिंगला होता. तो वाजला, भाऊजींनी स्पीकरवर घेतला. गजूभाऊ होते, अंजनगाव सुर्जीहून. कुठल्याशा घरी बाथरूमचं काम नुकतंच संपलं होतं. "भाऊजी, सवय झाली... दरवेळी काम झालं का ताईले फोन लावतो."

 भाऊजी एकदम उठून उभे राहिले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले, "ते राहू दे! कोपऱ्यात जागा सोडली का नाही, ते सांग पयले!"