आतल्या मशीनची वायर

कंपनीने मला लॅपटॉप दिला त्या संध्याकाळी मी तो छातीशी कवटाळून बसमध्ये बसले होते. शेजारच्या बाईंनी बाणेर ते औंध माझ्याकडे पाहिलं आणि शेवटी विचारलं, "बाळ आहे का हो आत?" मी नाही म्हटलं. "मग जरा श्वास घ्या की," असं म्हणून त्या औंधला उतरून गेल्या. मी मात्र खडकी येईपर्यंत बॅग सोडली नाही.

आमच्या घरात इंजिनीअर झालेली मी पहिली. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवसापासून घरातल्या पोरांनी शिकायचं हे ठरून गेलं होतं, पण बाबांचं शिक्षण मॅट्रिकला थांबलं. खडकीतल्या एका कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी आयुष्य काढलं. आधी खांबांवर चढून तारा ओढल्या, नंतर गुडघा दुखावल्यावर आत बोर्डावर ऑपरेटर झाले. नुकतेच रिटायर झाले होते. घरातल्या पंख्याची, मिक्सरची, शेजाऱ्यांच्या टीव्हीची वायर त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय चालत नसे.

माझं काम असं होतं की त्या लॅपटॉपच्या आत आणखी एक कॉम्प्युटर चालवायचा. त्याला आम्ही व्हर्च्युअल मशीन म्हणायचो. पडद्यावर एक चौकट उघडायची आणि त्या चौकटीत दुसरं मशीन पहिल्यापासून सुरू व्हायचं. त्याला स्वतःचं नाव होतं, स्वतःची डिस्क होती. खरं तर ती डिस्क म्हणजे माझ्या लॅपटॉपवरची एक मोठी फाइल होती, पण आतल्या मशीनला ते माहीत नव्हतं. त्या मशीनवर आमचं सॉफ्टवेअर बसवलेलं असायचं, म्हणजे गिऱ्हाइकाकडे जाताना अख्खा सर्व्हर पाठीवर टाकून नेता यायचा.

सुरुवातीच्या दिवसांतली एक दुपार मला अजून आठवते. ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये नुकतंच वायफाय बसवलं होतं. मी लॅपटॉप तिथे नेला, वायफाय जोडलं आणि आतल्या मशीनमध्येही वायफायची खूण शोधू लागले. सापडेना. ड्रायव्हर शोधले, दोनदा मशीन बंद करून सुरू केलं. आमची टीम लीड मागे येऊन उभी होती हे मला कळलंच नव्हतं. ती माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, सदाशिव पेठेतली, कामाला वाघ आणि बोलायला तिखट.

"दोन तास तू आत वायफाय शोधते आहेस," ती म्हणाली. "सापडलं तर मलाही दाखव. अजून कुणाला दिसलेलं नाहीये."

"मग आतलं मशीन नेटला जोडायचं कसं?"

"ते जोडलेलंच आहे. बघ तरी एकदा."

मी ब्राउझर उघडला. पान समोर आलं. कोपऱ्यात खूण होती ती वायरची. केबल जोडलेली आहे, असं ते मशीन शांतपणे सांगत होतं.

"पण वायर तर नाहीये," मी म्हटलं.

"तुला माहीत आहे. त्याला नाही." तिने खुर्ची ओढली आणि समजावून सांगितलं. वायफायचं कार्ड फक्त बाहेरच्या लॅपटॉपच्या ताब्यात असतं. आतल्या मशीनला सॉफ्टवेअरने बनवलेलं एक साधं केबलवालं कार्ड मिळतं. ते त्या न-असलेल्या केबलवर आपली माहितीची पाकिटं सोडतं, लॅपटॉप ती उचलतो आणि आपल्या नावाने हवेतून पाठवतो. उत्तर आलं की परत आत नेऊन देतो.

ती उठून गेली तरी मी तिथेच बसून होते. केबल नाही, प्लग नाही, भिंतीत सॉकेट नाही, आणि तरी एक अख्खं मशीन वायर असल्याच्या भरवशावर जगाशी बोलत होतं. मी बराच वेळ काहीच काम केलं नाही. नुसती एकेक पान उघडत राहिले.

दोन महिन्यांनी मला एकटीला डेमोला पाठवलं. मांजरी गावात माती तपासण्याची एक खाजगी लॅब होती. शेतकरी मातीचे नमुने आणून देत आणि रिपोर्ट न्यायला पुन्हा पुन्हा चकरा मारत. आमच्या सॉफ्टवेअरमुळे नमुना कुठवर आला ते लॅबमधल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसणार होतं. खडकीहून मांजरी लांब, त्यात लॅपटॉप. बाबा म्हणाले, "मी सोडतो." स्कूटरवर मी मागे, बॅग आमच्या दोघांच्या मध्ये.

लॅबचे मालक तिथल्याच शेतकरी घराण्यातले, पन्नाशीचे. आजूबाजूच्या उसात बिल्डिंगा उभ्या राहत होत्या, पण त्यांनी आपल्या जमिनीच्या तुकड्यावर लॅब बांधली होती. बाबांना त्यांनी आग्रहाने आत बसवलं, चहा दिला. नमुने घेण्याच्या टेबलावर मी लॅपटॉप मांडला. पलीकडच्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर होता. तिथे आमचं पान उघडायला हवं होतं.

ऑफिसात माझ्या टेबलावर सगळं तपासून आले होते. तिथे आतल्या मशीनला मी ब्रिज करून ठेवलं होतं, म्हणजे नेटवर्कवर ते स्वतंत्र कॉम्प्युटरसारखं स्वतःच्या पत्त्याने उभं राहायचं आणि शेजारचा कुणीही त्याच्याशी थेट बोलू शकायचा. पण तिथे मी केबल वापरली होती. मांजरीत वायफाय होतं. आतलं मशीन पत्ता मागत राहिलं आणि त्याला कुणी पत्ता देईना.

"केबल मिळेल का?" मी विचारलं.

"एकच हाय, मॅडम. ती पार भिंतीला ठोकलेली हाय," मालक म्हणाले. "काय अडचण हाय का?"

"दहा मिनिटं द्या."

मी व्हरांड्यात आले. टीम लीडला फोन लावला, तो बंद. बाबा चहाचा कप घेऊन मागोमाग आले.

"काय झालं?"

त्यांना सांगून काय उपयोग, असं मला वाटलं होतं. ते आठवलं की आजही लाज वाटते. पण सांगितलं. म्हटलं, वायफायचा डबा फक्त माझ्या लॅपटॉपला ओळखतो. आत दुसरं मशीन आहे, त्याचा पत्ता वेगळा. त्या पत्त्याची पाकिटं डबा स्वीकारतच नाही. त्याच्याशी जोडलेला एकच, तो लॅपटॉप.

बाबांनी चहा संपवला. "आमच्याकडे बाहेरून येणारा नंबर एकच होता," ते म्हणाले. "आत दोनशे एक्स्टेन्शन. बाहेरच्या माणसाला आतला नंबर माहीतच नसायचा. तो एक्स्चेंजला फोन करायचा, म्हणायचा, स्टोअरला द्या. मी प्लग लावून द्यायचो. तुझ्या लॅपटॉपला जमत नाही का असं?"

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. जमत होतं. त्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून होती, मी सेटिंगमध्ये ती कितीदा पाहून पुढे गेले होते. आतल्या मशीनने वेगळा पत्ता मागायचाच नाही, लॅपटॉपच्या आडोशाला राहायचं. बाहेरच्यांनी लॅपटॉपचं दार ठोठावायचं, आणि ठरावीक नंबरच्या दारावर कुणी आलं की लॅपटॉपने त्याला आत पाठवायचं. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं.

आत येऊन मी ब्रिज काढला, तो नियम लिहिला. बाहेरून येणाऱ्यांना परवानगी द्यायची का, असं लॅपटॉपने विचारलं, हो म्हटलं. मग पलीकडच्या खोलीत गेले. मालकांच्या कॉम्प्युटरवर माझ्या लॅपटॉपचा पत्ता टाकला. क्षणभर कोरं पान, आणि मग आमचं पान उघडलं. मालकांनी स्वतःच्या शेतातल्या मातीच्या नमुन्याचं नाव टाइप केलं. बाबांनी टेबलापाशी उभं राहून तिकडून सांगितलं, "इथेही दिसतंय."

मालक दोन्ही खोल्यांत दोनदा जाऊन आले. "मधी तर काहीच न्हाई," ते म्हणाले. भिंत त्यांनी हाताने चाचपून पाहिली. "आन त्ये सगळं ह्या डब्याच्या आतल्या डब्यातनं येतंय?"

"हो."

मालकांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि लॅपटॉपसमोर बसले, देवळात बसतात तसे. काम आम्हाला मिळालं.

पुढे आमच्या घरीही ब्रॉडबँड आणि वायफाय आलं. एका रविवारी सकाळी बाबांनी मला बोलावलं. "ते आतलं मशीन दाखव." मी सुरू केलं, एक मोठी फाइल उतरवायला लावली. बाबांनी खुर्ची जवळ घेतली, चष्मा पुसला.

"आता वायफाय बंद कर. बाहेरचं."

लॅपटॉपच्या कडेला छोटं बटण होतं, ते मी सरकवलं. बाहेरच्या लॅपटॉपने लगेच कनेक्शन गेल्याचं सांगितलं. आतल्या मशीनच्या कोपऱ्यातली वायरची खूण मात्र तशीच होती. फाइल उतरायची थांबली, एवढंच. मी आत एक आज्ञा देऊन पाहिली: तुझ्या पुढचा माणूस जागेवर आहे का? त्याच्या पुढचा माणूस म्हणजे लॅपटॉपच. आहे, असं लगेच उत्तर आलं, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा.

"म्हणजे लाइन तुटली हे त्याला ठाऊकच नाही," बाबा हळूच म्हणाले.

"नाही. त्याची वायर शाबूत आहे."

"त्याची वायर," बाबा म्हणाले. वादळात तुटलेल्या तारा जोडायला ते भर पावसात खांबावर चढले होते हे आईकडून मी अनेकदा ऐकलं होतं. त्यांनी ते स्वतः कधी सांगितलं नाही. आता ते त्या खुणेकडे पाहत होते, आणि त्यांचं बोट पडद्याला न टेकता तिच्यावर थांबलं होतं.

"ही कुणी ओढली गं?"

"कुणीतरी लिहिली, बाबा. बसून."

आई पोह्यांच्या प्लेटा घेऊन आली. आमच्याकडे पाहून तिने त्या आवाज न करता बाजूला ठेवल्या. मी बटण पुन्हा सरकवलं. थोड्या वेळाने लॅपटॉप घरच्या वायफायला जोडला गेला, आणि आतली फाइल थांबली होती तिथून पुढे उतरू लागली. बाबा ती पूर्ण उतरेपर्यंत उठले नाहीत. पोहे गार झाले होते, ते आम्ही तसेच खाल्ले.